लाल पट्टी

विहंगचं तेरावं उरकलं, तशा विद्युल्लताबाई देवासहून निघून उदयनगरच्या जंगलात आल्या. मुलगा सायकलसकट जिथून दरीत गेला, ती जागा त्यांना पाहायची होती. सोबत शर्यतीतला त्याचा जोडीदार पियुष होता.

"वाट तर डावीकडे वळते रे. मग हा दरीकडे कसा गेला?"

पियुषने कड्यावरच्या अंजनाच्या झाडाकडे बोट दाखवलं. बुंध्याशी देवीचा शेंदरी दगड होता आणि फांदीला एक लाल चिंधी बांधलेली होती.

"काकू, रेसमध्ये झाडाला लाल पट्टी दिसली की तिकडेच वळायचं असतं. पण ही आपली पट्टी नव्हती. कुणीतरी मन्नत मागून बांधून गेलं. विहंगभिया फुल स्पीडमध्ये होता, त्याला काय समजणार?"

"आणि तुम्ही बाकीचे?"

"भिया सगळ्यांच्या पुढे होता ना. त्याला पडताना बघितलं आणि आम्ही ब्रेक मारले."

विद्युल्लताबाई झाडापाशी गेल्या. चिंधीला हिरवी किनार होती, त्यांच्याच जुन्या साडीची. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी विहंग खाली सराव करत होता, तेव्हा त्यांनीच ती बांधली होती. 'देवी, माझ्या पोराला सगळ्यांच्या पुढे ठेव.'

मन्नत पुरी झाली की गाठ आपल्याच हाताने सोडावी लागते. गाठ दवाने घट्ट बसली होती. त्यांनी दात लावले.