मूळ वाक्य

“सर, एक तर वाक्य द्या, नाही तर ती ओळ काढू द्या,” वैभवी फोनवर म्हणाली. “बाकी सगळं झाडूनपुसून झालं. तुमच्या त्या एका ओळीपायी नवी आवृत्ती अडून राहिली.”

“पाहतो,” धम्मानंद म्हणाला. गेला महिनाभर तो हेच म्हणत होता.

ती लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड, त्याने लिहिली होती. तिचं काम एकच. तिला काहीही द्या, एखादं नाव द्या नाही तर अख्खं पुस्तक द्या, ती त्याचा ठसा काढून देते. अक्षरं आणि आकड्यांची एक लांब माळ. मजकुरात एक काना बदलला तरी सगळा ठसा बदलतो. आणि ठशावरून मजकूर परत मिळत नाही. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती फुकट वापरत. सांभाळायला धम्मानंद होता आणि वैभवीसारखी दोन-चार हौशी मुलं. नवी आवृत्ती सोडायची किल्ली मात्र एकट्या त्याच्याकडे होती.

लायब्ररीच्या माहितीपानावर काही उदाहरणं होती. डावीकडे वाक्य, उजवीकडे त्याचा ठसा. नव्या माणसाला पडताळून पाहता यावं म्हणून. शेवटच्या ठशासमोरची जागा रिकामी होती. ते वाक्य मायाचं होतं.

लायब्ररी पहिल्यांदा नीट चालली त्या दुपारी तो बायकोला हाताला धरून स्वयंपाकघरातून घेऊन आला होता. “काहीही लिही,” तो म्हणाला. माया शाळेच्या ऑफिसात होती, मराठी टायपिंग तिच्या बोटांत होतं. तिने उभ्याउभ्याच एक वाक्य मारलं. पासवर्डसारखं ते पडद्यावर दिसत नव्हतं. नुसता ठसा उमटला.

“काय लिहिलं?”

“ओळखा. तुमचं यंत्र तर सांगत नाही ना?”

त्याने ठसा पानावर टाकला. वाक्य कधीतरी विचारू म्हणून जागा ठेवली. मग तिचं दुखणं निघालं, आणि विचारायचं राहून गेलं.

आता माया गेल्याला हा दुसरा उन्हाळा. तेव्हापासून धम्मानंद कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर होता. मित्रांनी बोलवायचं सोडलं होतं. तो अंदाज टाकत बसायचा. लग्नाची तारीख. तिच्या आईचं नाव. ‘माझी आठवण ठेवा.’ ‘मला तुम्ही आवडता.’ ती बोलायची ते सगळं आठवून, नीट करून तो टाकायचा, स्वल्पविराम देऊन आणि न देता. पडद्यावर दर वेळी तेच यायचं. जुळत नाही.

नीटनेटकेपणाची त्याला पहिल्यापासून खोड. कोडमध्ये एक जागा जास्त सुटलेली त्याला खपत नसे. नव्या नवरीचं ‘मले’ सुद्धा तो चारचौघांत ‘मला’ करायचा. माया हसायची. “घ्या, तुमचं पुस्तकातलं मराठी.”

वैभवीचं म्हणणं बरोबर होतं. ज्याचं वाक्यच नाही असं उदाहरण कुणाच्या कामाचं नव्हतं. पण ती ओळ काढली की माया बोलता बोलता मध्येच थांबली, ती कायमची. म्हणून ओळ निघत नव्हती, आणि तोही तिथून निघत नव्हता.

“जवाईबापू, जेवता ना जी?” आतून हाक आली. त्याची सासू मीराबाई सकाळच्या बसने मौद्याहून आली होती. लेक गेल्यावर ती पहिल्यांदाच या घरात आली होती.

“आलोच.”

कूलर घरघरत राहिला. वरणाच्या फोडणीचा वास खोलीत आला आणि विरलाही. शेवटी मीराबाई ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली.

“हे ‘आलोच’ मले माहीत आहे,” ती म्हणाली. “माया फोनवर हेच सांगे. म्हणे, आई, मी रोज म्हणतो उठा ना जी थंडं होऊन राहिलं, अन् हे बसल्या जागेवरून म्हणते आलोच. मी म्हटलं, त्या खुर्चीसंगच लावून देऊ त्याइचं लग्न.”

धम्मानंद वळला. “काय म्हणायची? पुन्हा सांगा.”

“काय, खुर्चीचं?”

“त्याच्या आधीचं.”

“उठा ना जी थंडं होऊन राहिलं.” दुसऱ्यांदा म्हणताना मीराबाईचा आवाज लेकीसारखा झाला.

हे वाक्य त्याने टाकून पाहिलं होतं. कितीदा तरी. ‘उठा ना, थंड होत आहे.’

आता त्याने ऐकलं तसं लिहिलं. ‘जी’ ठेवलं. ‘थंडं’वरचं टिंब ठेवलं. ‘होऊन राहिलं’ ठेवलं. कुठेही स्वल्पविराम दिला नाही. मग बटण दाबलं.

जुळलं.

तो पडद्याकडे पाहत राहिला. मीराबाई ताट घ्यायला आत गेली. त्याने वाक्य उचलून रिकाम्या जागेत ठेवलं आणि वैभवीला पाठवलं. तिचं उत्तर लगेच आलं. “भारी, सर! ‘थंडं’वर टिंब चुकून पडलं का? साफ करून घेऊ?”

“नको,” त्याने लिहिलं. “आहे तसंच राहू दे. आणि किल्ली आता तू सांभाळ.”

“वरण थंडं झालं जी,” मीराबाई आतून म्हणाली.

‘आलोच’ त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला.