पाच दारांची इमारत

"आमच्या खात्याला स्वतंत्र दार हवं," पाचव्या साहेबांनीही बजावलं आणि आर्किटेक्ट सुमेधाने कपाळाला हात लावला. परदेशातली आपली पाच सरकारी कार्यालयं एका छपराखाली आणणारी इमारत तिला आखायची होती.

शेवटी तिने पाच दारं काढली, पाच जिने, पाच लिफ्ट. त्यातच सगळी जागा संपली. पाचही साहेबांच्या देखत तिने नकाशा सचिवांपुढे पसरला.

"कर्मचारी बसणार कुठे?" सचिवांनी विचारलं.

"जागाच उरली नाही, सर." हातचं काम गेलंच, असं तिला वाटलं.

"मग बसू देत जुन्याच कार्यालयांत." सचिवांनी मंजुरीची सही ठोकली.

सुमेधाला राहवेना. "आणि त्या देशात राहणारी आपली माणसं कामं घेऊन आली तर?"

पाचही साहेब पहिल्यांदाच एका सुरात म्हणाले, "येतील कुठून? त्यांच्यासाठी दार कुठे ठेवलंय?"