अंगणात फेकलेला कॉम्प्युटर

"आणि बाबांनी माझा कॉम्प्युटर उचलून अंगणात फेकला," निरंजन माईकवर म्हणाला. घरच्यांचा विरोध पत्करून आपण कंपनी कशी उभी केली, ही गोष्ट तो दहा वर्षं प्रत्येक मुलाखतीत सांगत आला होता. आज सत्कार गावच्या कॉलेजात होता. बोलता बोलता त्याला पहिल्या रांगेत बाबा दिसले. संयोजकांनी त्यांना गुपचूप आणून बसवलं होतं.

खरं तर तो कॉम्प्युटर बाबांनीच आणला होता. पुण्याहून इस्लामपूरपर्यंत, एसटीत, गोधडीत गुंडाळून. रस्त्यात खड्डा आला की ते तो मांडीवरून अलगद उचलून धरत.

निवेदिकेने माईक बाबांपुढे धरला. "काका, आज काय वाटतं?"

बाबांनी एकदा निरंजनकडे पाहिलं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "तेव्हा मी फार तापट होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. निरंजन मान खाली घालून आला आणि पाया पडायला वाकला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाबांनी हळूच विचारलं, "नीट बोललो ना रे? तुला काही अडचण नको व्हायला."