तेवढं एक बटण

"आज मध्ये पडायचं नाही," ऑरिनने स्वतःला बजावलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली सारले. डावीकडे जोसी विमान चालवत होती. तिच्या कपाळावर झापड होती, समोरच्या यंत्रांखेरीज काही दिसू नये म्हणून. बाहेर माँटानाचं लख्ख ऊन होतं. ऑरिनला सगळं दिसत होतं. पुढची डोंगरधार, आणि तिच्यावरच्या पाइनच्या रानात उमटलेला जळका डागही.

तीन आठवड्यांपूर्वी डेल तिथेच गेला. ऑरिनचाच शिष्य. ढगात एकटा होता. चौकशीवाल्यांनी विमानातलं जीपीएस उकलून पाहिलं. धारेला वळसा घालून उतरायची वाट त्याने यंत्रात बिनचूक मांडली होती, पण बटण दाबून ती सुरू केलीच नव्हती. यंत्र बापडं त्याला सरळ विमानतळाकडे नेत राहिलं, आणि आपण वाटेवर आहोत असं समजून डेल खाली येत गेला.

डेलच्या बायकोने, मार्लिसने, फोनवर एवढंच विचारलं, "त्याची चूक होती का?"

ऑरिन मुळातच फटकळ. "होय," तो म्हणाला. "शंभरदा कानीकपाळी ओरडलो होतो. हलगर्जीपणा केला त्याने."

मग ती म्हणाली, "मुलांना काय सांगू?"

त्याने फोन ठेवून दिला. आपण खरं तेच बोललो याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. उद्या चौकशीत हेच लिहून द्यायचं होतं.

तरी आज जोसीला पारखून घ्यावं असं त्याला वाटलं. ती जनावरांची डॉक्टर. पुढच्या महिन्यापासून एकटीच ढगांतून लांबलांबच्या गुरांच्या रँचवर जाणार होती. आणखी एक शवपेटी खांद्यावर घ्यायचं बळ ऑरिनमध्ये उरलं नव्हतं.

"विमानतळ निवडला," जोसी मोठ्याने म्हणत होती. "उतरायची वाट निवडली. पहिला टप्पा निवडला. मांडली. उंची तपासली." सगळं कसं घडाघडा. तेवढ्यात रेडिओवर कंट्रोलरने त्या वाटेने उतरायची परवानगी दिली. जोसीने ती शब्दन्‌शब्द म्हणून दाखवली आणि स्वस्थ बसली.

ऑरिनचा डावा हात मांडीखाली वळवळला. त्याने तो दाबून धरला.

पडद्यावरची रेघ सरळ धारेकडे जात होती. एक मैल गेला. दोन गेले. विमान धारेच्या बरंच वर होतं, तरी ऑरिनची नजर त्या जळक्या डागाकडे गेली. डेल अगदी असाच गेला असणार.

"जोसी, काही विसरलीस?"

"नाही. सगळं झालं."

"कप्पाळ झालं! डोंगरात शिरतेयस तू, बाई. वाट सुरू कोण करणार, तुझा बाप?"

जोसीने झापडीखालूनच मान वळवली आणि त्याचे हात कुठे आहेत ते शोधलं.

"पण ते तर नेहमी तुम्हीच दाबता ना, ऑरिन?" ती गोंधळून म्हणाली. "पहिल्याच दिवशी डेलने मला सांगून ठेवलं होतं. बाकी सगळं आपण करायचं, तेवढं एक बटण ऑरिनचं."