आईची कॅसेट

इब्राहिमचाचांनी ठरवलंच होतं, कॅसेट तुटायच्या आत आईचा आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दाभोळची खुशाली ती कॅसेटवर बोलून कुवेतला बाबांकडे धाडायची. त्यांतली ही एकच उरली होती.

"हकडं सगळा बरा हाय," कॅसेटमधून आई बोलू लागली. चाचांनी रेकॉर्डिंगसाठी माऊस दाबला. टक्.

आई थबकली. "कोण रे टकटक करतंय?"

चाचांनी कॅसेट मागे फिरवली. हात बांधून ऐकली. आई कुठंही न थबकता शेवटपर्यंत बोलली.

पण आवाज तर घ्यायचाच होता. त्यांनी पुन्हा कॅसेट लावली, मन घट्ट केलं आणि माऊसवर बोट ठेवलं.

आईचं बोलणं मध्येच थांबलं.

"दाब, इब्बू," ती हळूच म्हणाली. "मी गप ऱ्हाते."