दगड कोणी चढवले

माझी तिसरी कादंबरी चांगलीच गाजली. हजारो वर्षांपूर्वीचा एक अवाढव्य दगडी मनोरा परग्रहावरच्या लोकांनी गुपचूप बांधून दिला, अशी तिची कथा. एवढाले दगड माणसाच्या हातून चढणं शक्यच नाही, हे मी चार पानं खर्चून पटवून दिलं होतं.

बाबांनी ती वाचायला मागितली तेव्हा मला नवलच वाटलं. उभा जन्म ते दगडी बांधकामावर मिस्त्री होते आणि पेपरापलीकडे काही वाचत नसत. आठ दिवस खिडकीशी बसून, ओळीवर बोट ठेवून ते वाचत राहिले. आई कुरकुरली, "जेवायला दहादा हाका माराव्या लागतात यांना."

नवव्या दिवशी दुपारी त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. चेहऱ्यावर ना राग, ना कौतुक.

"आवडली का बाबा?"

"माणसं चढवतात गं असले दगड. पहार लागते, दोरखंड लागतो, सरकवायला खाली ओंडके लागतात. आम्ही चढवलेत."

मी ओशाळले. "मग पुढच्या आवृत्तीत बदलू का?"

"नको. आहे तेच राहू दे." ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझ्या गोष्टीत दगड निसटत नाही. आमचा निसटला, आणि माझा धाकटा भाऊ त्याखाली सापडला."



मला एक काका होते, हे मला त्या दुपारी कळलं.