पुन्हा म्हण

"नाव हवंय मला. एकच." मालकांनी ऑफिसच्या काचेतून खाली बोट दाखवलं. "शनिवारपर्यंत."

खाली लाँड्रीत चौदा बायका इस्पितळांच्या चादरी धूत, वाळवत, इस्त्री करत होत्या. चौदाही जणी परक्या मुलखातल्या. कामापुरत्या चार शब्दांपलीकडे त्यांना इथली भाषा येत नव्हती आणि मालकांना त्यांची. सहा महिन्यांपूर्वी एकीचा हात चादरीबरोबर तापत्या रोलरखाली गेला. तेव्हापासून त्यांची कुजबुज सुरू झाली आणि मालकांची झोप उडाली.

"एखादा दुभाषी ठेवू या का?" मुकादमाने तेव्हा विचारलं होतं.

"त्यांच्यातला माणूस? ऑफिसात?" मालक म्हणाले होते. "त्यापेक्षा तू शीक. कामाच्या सूचना द्यायला शिकतोय म्हणून सांग. आपला माणूस तो आपला माणूस."

मुकादम शिकायला बसला. शिकवायला होती इस्त्रीच्या टेबलावरची म्हातारी. सगळ्या तिला मावशी म्हणत, म्हणून तोही मावशी म्हणे. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन तो तिच्यासमोर स्टुलावर बसायचा. बायका डबे घेऊन लांब बसायच्या, तोंडाला कुलूप लावून.

ते कुलूप उघडलं एका शब्दाने. त्या भाषेत ‘वाफ’ आणि ‘सासू’ यांत फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा फरक. एक दिवस मुकादम भर कामात ओरडला, "सासू तापलीय! आधी सासू बंद करा!"

बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. लांब वेणीवाली, जिचा हात भाजला होता तीच, डोळे पुसत म्हणाली, "माझी तर बंदच होत नाही हो!" त्या दिवसापासून मुकादमापुढे कुणा ना कुणाचा डबा सरकू लागला. पोरांचे ताप, नवऱ्यांची पत्रं, गुडघ्यांची दुखणी, सगळं त्याच्या कानावर पडू लागलं.

हसली नाही ती एकटी मावशी. "पुन्हा म्हण," ती म्हणाली आणि ‘वाफ’ त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतली.

"म्हातारी खेकसते तुझ्यावर," मालक एकदा म्हणाले. "आणि तू ऐकून घेतोस?"

"विद्या हवी तर ऐकून घ्यावं लागतं, साहेब."

पण भाषा कळली की माणसांची दुखणीही कळतात, आणि मग कानाडोळा करणं अवघड होऊन बसतं. येत्या सोमवारी मशिनं थांबणार होती. हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे जाळी बसेपर्यंत चादरीला कुणी हात लावणार नव्हतं. सगळ्यांना उभं केलं होतं वेणीवालीने. मुकादमाला हे सगळं ठाऊक होतं आणि मालकांना त्याने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

"चौदा जणी आपोआप एका सुरात बोलत नाहीत," मालक आता म्हणाले. "नाव नाही दिलंस तर चौदाही बाहेर. आणि पंधरावा तू."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मालक स्वतः खाली आले आणि स्टुलामागे हाताची घडी घालून उभे राहिले. बायकांनी डबे मिटले आणि त्या मशिनांकडे गेल्या. मशिनांची घरघर सुरू झाली.

मावशीने इस्त्री बाजूला ठेवली. "आज क्रियापद. सांगणे," ती आपल्या भाषेत म्हणाली. "म्हण, तुझं नाव सांगतो."

मुकादमाची पेन्सिल थांबली. "तुझं नाव सांगणार नाही."

"चुकलं. पुन्हा म्हण."

"तू काही केलेलं नाहीस."

"त्या पोरीला दोन लेकरं आहेत. माझे इथे किती दिवस उरलेत? पुन्हा म्हण."

"माझ्याच्याने होणार नाही."

"होईल. पण फुकट देऊ नकोस मला. बदल्यात जाळी मागून घे."

"जमतंय का?" मागून मालकांनी विचारलं.

"क्रियापदं जड जातात, साहेब," मुकादम म्हणाला.

शनिवारी सकाळी तो जिना चढून वर गेला. "नाव देतो. पण आधी रोलरला जाळी बसवा. नाहीतर एक गेली की दुसरी उभी राहील. किती जणींना काढत बसणार?"

मालकांनी काचेतून खाली रोलरकडे पाहिलं. मग त्यांनी फोन उचलला. दुपारपर्यंत रोलरपुढे जाळी बसली.

"आता बोल."

"मावशी."

"इस्त्रीवाली? तुझी मास्तरीण?" मालकांना हसू आवरेना. "दगडाचं काळीज आहे रे तुझं!"

मुकादमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो खाली उतरला.

कामावरून काढलेल्या माणसाची पिशवी मुकादमाने फाटकात तपासायची, असा नियम होता. संध्याकाळी फाटकापाशी तेरा बायका उभ्या होत्या. वेणीवाली पुढे आली आणि त्याच्या पायापाशी थुंकली.

"आम्ही तुला भाषा दिली," ती म्हणाली. "आणि तू तीच आमच्यावर उलटवलीस."

मग तिने पाठ फिरवली. एकेक करत सगळ्यांनीच फिरवली. पहारेकरी कंटाळून बघत होता.

मुकादमाने पिशवी उघडली. रिकामा डबा, चष्म्याचं घर, कोपरावर रफू केलेला स्वेटर. पिशवीची चेन त्याला परत लावता येईना. मावशीने त्याचा हात बाजूला सारला, चेन स्वतःच लावली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात आपल्या भाषेत म्हणाली :

"चेहरा सांभाळ, मालक वरून बघतोय. भाषा शिकायचं सोंग इतके महिने वठवलंस, आता मोडू नकोस. आणि घरी गेल्यावर बहिणीला काही बोलू नकोस. आईची नोकरी गेली, हे तिला आईच सांगेल."